जाऊ द्या

साखळीचं एक टोक माझ्या डाव्या मुठीत होतं, उजव्या हातात वायरलेस होता, दातांत शिट्टी होती आणि समोर निपाणीपासून कराडपर्यंतचं पब्लिक उभं होतं. मौजवन पार्कात ‘पाताळधार’ सुरू व्हायचा तो दिवस. दिवाळीची सुट्टी, त्यात रविवार, त्यात सहा महिने एस.टी.च्या पाठीवर त्या पाताळधारेचं चित्र. माणसं घरी थांबतील कशाला? जेवणाचे डबे, कडेवरची पोरं, गुडघे धरून चालणाऱ्या म्हाताऱ्या, अंगाची हळद न उतरलेली जोडपी, सगळी माझ्या साखळीला पोट लावून उभी होती आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपणच पहिले.

पाताळधार म्हणजे सिमेंटचा एक खोटा डोंगर. नावेत बसायचं, नाव अंधाऱ्या भुयारात शिरायची, आत दोन-चार भुतं हात हलवायची आणि शेवटी उंचावरून नाव धाडकन पाण्यात. हौसेनं बोंबलायची सोय, दुसरं काय. डोंगराच्या पायथ्याला पत्र्याचा मंडप होता, त्यात लोखंडी कठड्यांतून नागमोडी रांग. मंडपाकडे जायला उताराची अरुंद वाट, आणि त्या वाटेच्या तोंडाशी साखळी धरून मी.

काम सोपं होतं. मंडप भरला की साखळी लावायची, नावा माणसं घेऊन गेल्या की सोडायची, थोडं पब्लिक आत घ्यायचं, पुन्हा लावायची. इंजिनिअर लोकांनी त्याला इंग्रजीत काहीतरी लांबलचक नाव दिलं होतं. आम्ही थेटरातली माणसं त्याला ‘घोट-घोट पाजणं’ म्हणायचो. पब्लिकला घोट-घोट पाजायचं, ठसका लागू द्यायचा नाही. अडचण एवढीच होती की वाट पुढे वळत होती, त्यामुळे मला मंडप दिसत नव्हता. तो दिसायचा वरच्या काचेच्या खोलीतून. तिथे रंगदादा होते. मंडपात जागा आहे की नाही ते बघून ते वायरलेसवर सांगायचे आणि मी त्याप्रमाणे साखळी हलवायचो.

रंगदादा म्हणजे रंगराव इंगवले, मौजवनाचे मॅनेजर. त्याआधी ते कोल्हापुरात वसुंधरा टॉकीजचे मॅनेजर होते आणि मी तिथला डोअरकीपर. वीस वर्षं मी त्या टॉकीजच्या दाराचा पडदा धरला. शुक्रवारचा पहिला खेळ कोल्हापुरात काय चीज असते ते ज्यानं बघितलंय त्यालाच ठाऊक. अंगातले सदरे फाटायचे. पण माझ्या दारात कधी कुणाला खरचटलंसुद्धा नाही. ‘आनंदाचं दार’ म्हणायची माणसं. बाया पोरं घेऊन मुद्दाम माझ्या दाराला यायच्या. शिक्षण नाही, शेत नाही, जवळ होतं ते एवढं एक नाव, आणि खोटं कशाला बोला, मला त्याची घमेंड होती.

रंगदादांनी मला धाकट्या भावासारखं वागवलं. माझ्या डब्यातली भाकरी मोडून खायचे. माझ्या लग्नात अंतरपाटाचं एक टोक त्यांनी धरलं होतं. सारखं ‘आनंदा, तू’, ‘आनंदा, च्या सांग’, ‘आनंदा, असं कर’. मात्र दारावरचा हुकूम द्यायचा असला की तेच मला अहो-जाहो करायचे. सुरुवातीला मला हसू यायचं. एकदा विचारलं तर म्हणाले, “दारावरच्या माणसाला मॅनेजरनंच अरे-तुरे केलं तर पब्लिक त्येला काय मोजणार? दारात तू आनंदराव. मागं आलास की आनंदा.” मला त्या बोलण्यानं इतकं बरं वाटलं होतं की घरी जाऊन मी ते हौसाला, म्हणजे माझ्या बायकोला, दोनदा सांगितलं.

टॉकीजमध्ये बिनतिकिटाचे पाहुणेही असायचेच. फौजदाराची मंडळी, वीज मंडळातल्या साहेबाचे मेहुणे, मालकाचे सोयरे. ते दारापाशी आले की मी जिन्याकडे बघायचो. जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून रंगदादा म्हणायचे, “जाऊ द्या.” मी पडदा वर करायचो. वीस वर्षं त्या जिन्यावरून ते दोन शब्द आले आणि वीस वर्षं मी पडदा वर केला.

पुढे टॉकीज बंद पडली, तिचं मंगल कार्यालय झालं. रंगदादांना मौजवनात जागा मिळाली आणि ते मला विसरले नाहीत. मला नेलं आणि बुकिंगच्या खिडकीत बसणाऱ्या मालनलाही नेलं. मालन नवऱ्याच्या मागं दोन पोरी वाढवत होती. आम्ही तिघं एकाच घरातून आल्यासारखे मौजवनात आलो. “दार ते दार, आनंदा,” रंगदादा म्हणाले होते. “पडदा असू दे न्हाईतर साखळी.”

तर त्या रविवारची सकाळ. उद्घाटनासाठी बँडवाले आणले होते आणि ते नेमके माझ्या वाटेच्या तोंडाशी ठाण मांडून बसले. ढोलामुळे माणसांना वळसा पडत होता. मी वायरलेसवर तक्रार केली की ह्यांना जरा बाजूला घ्या. रंगदादा खुशीत होते. मुंबईहून मोठे साहेब येणार होते, सगळं वेळेवर चाललं होतं. ते म्हणाले, “जाऊ दे रे, आनंदा. दहा मिन्टात उठत्याल ती.” मीही हसलो. पलीकडे चौकशीच्या खिडकीत मालन बसली होती, तिच्याकडेही वायरलेस होता. तीही हसली, आणि हातानंच मला खुणावलं की राहू द्या, वाजवू द्या त्यांना. बँडवाले खरंच थोड्या वेळानं उठले.

दुपारपर्यंत सगळं लोण्यासारखं चाललं होतं. मग नावा कुठेतरी अडखळायला लागल्या. मला कळलं ते एवढंच की बराच वेळ वरून काही सांगावा आला नाही, शेवटचं सांगणं “मंडप भरलाय, धरून ठेवा” हेच होतं. मी धरून ठेवलं. पब्लिक चुळबुळायला लागलं. मागून माणसं येतच होती आणि मागच्याला पुढचं दिसत नव्हतं. कुणी शिट्ट्या मारत होतं, कुणी माझ्या आईबापाचा उद्धार करत होतं. त्याचं मला काही नव्हतं, थेटरात याहून सुरस ऐकलेलं. पण साखळीवर दाब यायला लागला तो मनगटाला कळत होता.

मी वायरलेस तोंडाशी नेला. म्हटलं, दादा, बाहेर दाब वाढलाय, लोक शिव्या द्यायला लागलेत.

वरून आवाज आला, “जाऊ द्या.”

कल्ला एवढा होता की मला खात्री पाहिजे होती. मी विचारलं, काय म्हणालात?

“जाऊ द्या म्हटलं ना. जाऊ द्या.”

मी साखळी सोडली.

नेहमी मी मोजकी माणसं आत घेऊन पुन्हा साखळी धरत असे. त्या दिवशी पुन्हा धरायला मिळालीच नाही. साखळी खाली पडल्याबरोबर मागचा सगळा लोंढा पुढच्यांच्या पाठीवर आला आणि उतारावर पाय थांबत नाहीत. वळणावर पुढची माणसं अडली, कारण मंडपात तीळ ठेवायला जागा नव्हती. आतली माणसं कठड्याला दाबली गेली. बायांचा आरडाओरडा ऐकू यायला लागला आणि तो हौसेचा नव्हता. मी शिट्टी वाजवत, कठड्यावर चढून, माणसं एकेक करून बाहेर ओढायला लागलो. वळणाशी एक म्हातारी खाली पडली होती आणि तिच्या अंगावरून माणसं जात होती. मी तिला उचललं. हलकी होती. तिनं माझ्या गळ्यातली शिट्टीची दोरी घट्ट धरली होती आणि दवाखान्याची गाडी येईपर्यंत सोडली नाही. मला लेका म्हणाली. गडहिंग्लजकडची होती, नातवंडांबरोबर आली होती. तिचं खुब्याचं हाड मोडलं. एका पोरीचा हात मोडला, बऱ्याच जणांना मुका मार बसला. कुणी दगावलं नाही, हे देवाचे उपकार.

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. माझ्या दारात माणूस पडलं होतं. कुणामुळे, कसं, हे तेव्हा डोक्यातच नव्हतं. वरून सांगणं आलं, मी सोडली, वरून बघण्यात काही चूक झाली असेल, माणूस आहे, चुकतो. रंगदादांचा फोन आला. ते म्हणाले, मंगळवारी मोठे साहेब चौकशी करणार आहेत. “तू घाबरू नको. मी हाय न्हवं. तू फक्त खरं काय ते सांग.” मी हौसाला म्हटलं, बघ, एवढ्या गडबडीत त्यांनी मला फोन केला.

मंगळवारी गार हवेच्या खोलीत लांब टेबल होतं. मध्ये मुंबईचे मोठे साहेब, म्हणजे भार्गवसाहेब, मूळचे दिल्लीकडचे. त्यांना मराठी येत नव्हतं. शेजारी रंगदादा इस्त्रीच्या सदऱ्यात. समोर मी आणि मालन. मालनला बोलावलं होतं कारण त्या वेळी वायरलेसवर तीही होती.

मी खरं काय ते सांगितलं. दाब वाढल्याचं मी कळवलं, वरून “जाऊ द्या” आलं, मी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच आलं, मी साखळी सोडली. मालननं मान हलवली, तिनंही तेच शब्द ऐकले होते. भार्गवसाहेबांनी रंगदादांना विचारलं, तुम्ही असं म्हणालात?

रंगदादा म्हणाले, हो, म्हणालो.

मला वाटलं, संपलं. आता ते म्हणतील की मंडप बघण्यात माझी गफलत झाली.

भार्गवसाहेबांनी विचारलं, “जाऊ द्या, इसका मतलब क्या हुआ?”

रंगदादांनी टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासावरचं झाकण नीट केलं. मग म्हणाले, “मतलब, रहने दो, सर.”

जाऊचं रहने झालं. माझ्या डोळ्यांदेखत, एका पाण्याच्या ग्लासापाशी. मला थोडं-थोडं हिंदी कळतं, सिनेमातच जन्म गेला, पण त्या घटकेला मला वाटलं की माझंच काहीतरी ऐकण्यात चुकतंय. ते पुढे साहेबांना समजावून सांगत होते, शांतपणे, मास्तर शिकवतात तसं. हे म्हणाले लोक शिव्या देतायत. मी म्हटलं, जाऊ द्या, म्हणजे द्या सोडून, लक्ष देऊ नका, तुमचं काम करा. आमच्याकडे असंच म्हणतात. रोज शंभर वेळा म्हणतात. आणि ह्यांनी साखळी सोडली.

आणि त्यात खोटं काय होतं? आमच्याकडे असंच म्हणतात. बस चुकली, जाऊ द्या. भावानं बांध रेटला, जाऊ द्या. अख्ख्या महाराष्ट्राला विचारलं असतं तरी त्यानं रंगदादांच्याच बाजूनं मान हलवली असती. तो शब्द काय आहे ते जगात तीनच माणसांना ठाऊक होतं आणि ती तिन्ही त्या खोलीत बसली होती.

मी उभा राहिलो. म्हटलं, साहेब, दारावरचं जाऊ द्या वेगळं. वीस वर्षं हे जिन्यावरून जाऊ द्या म्हणत आले आणि मी पडदा वर करत आलो. दारावरचा हुकूम हे मला अहो-जाहोनं देतात. सोडून दे असं सांगायचं असतं ना, तर हे मला ‘जाऊ दे रे’ म्हणतात. मला हे तू म्हणतात, साहेब. त्याच दिवशी सकाळी बँडच्या वेळी म्हणाले होते.

हे सगळं मी मोडक्या हिंदीत सांगत होतो. दे काय आणि द्या काय, हे त्या माणसाला कळावं कसं? ते रंगदादांकडे बघायला लागले. मीही त्यांच्याकडेच बघत होतो. मला खरंच अजून वाटत होतं की आता तरी ते हसतील, म्हणतील, बस खाली, आनंदा.

रंगदादा म्हणाले, “आनंदराव, तुम्हाला मी कधी एकेरी हाक मारली?”

अगदी शुद्ध मराठीत म्हणाले. आवाजात राग नव्हता, उलट थोडं दुःखच होतं, जणू मीच त्यांच्यावर भलता आळ घेत होतो. मग साहेबांना हिंदीत म्हणाले की कामाच्या ठिकाणी मी शिपायालासुद्धा अरे-तुरे करत नाही, वाटल्यास ह्या बाईंना विचारा.

विचारलं. मालन हातातल्या बांगडीकडे बघत होती. वीस वर्षं तिनं बुकिंगच्या खिडकीतून ऐकलं होतं, आनंदा च्या सांग, आनंदा तू जेवलास का. माझ्या आईला देवाज्ञा झाली तेव्हा दादा माझ्या गळ्यात पडून “तू एकटा न्हाईस रे” म्हणाले, ते ऐकून रडणारी हीच. ती बांगडीकडे बघतच म्हणाली, “साहेब समद्यास्नी अहो-जाहोच करत्यात.”

लोक म्हणतात केसानं गळा कापला. त्या दिवशी माझा अंतरपाटानं कापला. साखळी सोडल्याचं खापर माझ्यावर फुटलं असतं तर मी ते सोसलं असतं, नोकरी काय, येते-जाते. पण त्या माणसानं माझं ‘तू’ काढून घेतलं. भर खोलीत, माझ्या तोंडावर, वीस वर्षांचं. मला राग यायच्या आधी लाज वाटली, की आपण ह्या माणसाला भाऊ समजत होतो आणि तसं उघड बोलून बसलो. मी खाली बसलो.

मला काढलं. पेपरात छापून आलं, दारावरच्या कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा, खाली नाव. गावात माणसं समोर काही म्हणाली नाहीत, पण ‘आनंदाचं दार’ म्हणणारी तोंडंच आता ‘आनंदानं म्हातारी पाडली’ म्हणायला लागली. दोन ठिकाणी दारावरचं काम मागायला गेलो. एकानं चहा पाजला, दुसऱ्यानं तेवढंही केलं नाही. शेवटी सासऱ्यांची बंद पडलेली पिठाची गिरणी होती, ती चालू केली. तिथेही रांगच, पण डब्यांची. डबे ढकलाढकली करत नाहीत.

हौसाला मी दे आणि द्याची गोष्ट इतक्या वेळा सांगितली की तिला ती पाठ झाली असेल. ती गप ऐकून घ्यायची. एकदा मात्र, पहिल्याच वर्षी, भाकरी थापता थापता म्हणाली, “अहो, तवा कल्ला लई हुता. तुमच्याच ऐकण्यात काय चुकलं नसंल न्हवं? दे आणि द्यामधी आसं किती अंतर?” मी ताटावरून उठलो. तिनं मग पुन्हा कधी तो विषय काढला नाही, पण मला ठाऊक होतं की तो प्रश्न तिच्या मनात तसाच आहे. पेपरावर, गावावर, मालनवर मी रुसू शकत होतो. हौसाचं काय करायचं? तिला माझ्याशिवाय साक्षीदार कोण होता? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

ह्याला बारा-तेरा वर्षं झाली.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी गिरणीच्या दारात काठी वाजली. बघतो तर रंगदादा. पार वाळले होते, सदरा मात्र इस्त्रीचाच. मी गहू दळत होतो, तसाच दळत राहिलो. हौसानं स्टूल पुढे ठेवलं आणि चहा टाकायला घरी गेली. अंतरपाट धरलेला माणूस आहे, त्याला पाणी विचारल्याशिवाय तिचा जीव राहिना.

डबा भरला. मी पट्टा सोडवला आणि गिरणी थांबली.

“कसा हाईस, आनंदा?” ते म्हणाले.

कानाला ती हाक लगेच ओळखू आली आणि माझाच मला संताप आला, कारण ती गोड वाटली. मी म्हटलं, बरा आहे, साहेब.

ते बराच वेळ बोलत होते. रिटायर झाले होते, मालन मागल्या वर्षी गेली होती, जाताना त्यांच्याकडे माझी चौकशी करत होती म्हणाले. मग त्या दिवसावर आले. त्यांनी मंडपाकडे बघितलंच नव्हतं. भार्गवसाहेब शेजारी उभे होते, खाली फोटो काढणारा होता, आणि फोटोत साखळीपुढची वाट रिकामी दिसत होती. साहेब म्हणाले, ये खाली क्यों है, लोगों को छोड़ो. दादा काचेकडे पाठ करून साहेबांशी बोलत होते, तसेच बोलता बोलता त्यांनी मला सांगून टाकलं.

“पायाखालची वाळू सरकली माझ्या,” ते म्हणाले. “साहेब काय आपल्या अंगावर घेणार न्हाईत. मग तू न्हाईतर मी. दोघातला एक जाणारच हुता, आनंदा. तू माझ्यापरीस तरणा हुतास. म्हटलं, ह्यो कुठंबी दार धरंल.”

“कुणी दिलं दार?” मी विचारलं.

ते काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिले. मला वाटलं होतं की असा दिवस आला तर मी खूप बोलेन. तेरा वर्षं मनात भाषणं केली होती, एकापेक्षा एक सरस. प्रत्यक्षात मी त्यांच्यासमोर पोत्यावर बसून डब्याच्या झाकणावरचं पीठ फडक्यानं पुसत होतो.

हौसा चहाचे कप घेऊन आली आणि दारातच थांबली. गिरणीचं दार अरुंद आहे, एक माणूस उभं राहिलं की ते भरतं. पुढे यावं की मागे जावं हे तिला कळेना.

रंगदादांनी उसासा टाकला. पुढे वाकून माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, पूर्वी ठेवायचे तसाच.

“झालं ते झालं,” ते म्हणाले. “किती दिवस मनात धरून बसणार? जाऊ दे रे, आनंदा.”

बशीत कप वाजला. मी हौसाकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत जे मी तेरा वर्षं शोधत होतो ते आलं होतं.

“ऐकलंस?” मी तिला म्हटलं.

“ऐकलं,” ती म्हणाली. “नीट ऐकलं.”

वरातीमागून घोडं, मला ठाऊक आहे. भार्गवसाहेब नाहीत, मालन नाही, पेपर तर केव्हाच रद्दीत गेला. पण घोडं आलं. रंगदादा एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होते. आपण काय बोलून गेलो ते त्यांना हळूहळू कळत गेलं. चेहऱ्यावरून दिसत होतं. गुडघ्यावरचा हात त्यांनी काढून घेतला. मग काठी टेकून उठले, येतो म्हणाले, आणि दाराकडे वळले.

दारात हौसा उभी होती, हातात दोन कप. चहातून वाफ येत होती. वाट अडली म्हणून ते थांबले आणि मागे वळून माझ्याकडे बघायला लागले, बिनतिकिटाचे पाहुणे जिन्याकडे बघायचे तसे.

मी जागेवरून उठलो नाही. थेटरात वरून जसा यायचा तसा आवाज काढला, ना मोठा, ना बारीक.

“जाऊ द्या,” मी म्हटलं.

आयुष्यात मी बायकोला कधी अहो-जाहो केलेलं नाही. तरी हौसानं अर्थ विचारला नाही. ती बाजूला झाली.